सदाफुली आणि जगन्नाथरावांचं तोंड

जगन्नाथराव कोतवडेकर दिवसाचे आठ तास गप्प असायचे आणि उरलेल्या वेळात त्याची सव्याज भरपाई करायचे. गप्प राहणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची नोकरी होती. कुवेतमधल्या एका मोठ्या इस्पितळात, तळमजल्यावरच्या एका बंद खोलीत, काचेच्या पेटीत दोन्ही हात घालून ते कॅन्सरची औषधं तयार करायचे. अंगात कागदी झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात एकावर एक दोन हातमोजे. आत हवा गाळून घेतलेली, थुंकीचा कण उडता कामा नये, म्हणून कामापुरतं सोडून बोलायला बंदी. बोलक्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली नसती. आणि हा माणूस ती बावीस वर्षं आनंदाने भोगत होता.

मग दुपारी तीनला इस्पितळाचं सरकतं दार उघडायचं आणि धरण फुटायचं. टॅक्सीवाला, न्हावी, बकाल्यातला किराणेवाला, रिग्गईच्या आठ मजली बिल्डिंगचा हारिस नझीर, म्हणजे आमच्याकडचा वॉचमन, प्लंबर, माळी आणि तक्रार-खातं सगळं एकात, या सगळ्यांना त्या धरणाचं पाणी मिळायचं. सुरुवात ठरलेली. "त्याचं असं आहे," असं म्हणून जगन्नाथराव एक बोट वर करायचे आणि समोरच्याला कळायचं की आता आपलं काही खरं नाही. ते राहायचे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कुणी वरच्या मजल्याचं भेटलं तर तिसऱ्यावर उतरून, एका पायाने दार अडवून, ते उरलेलं वाक्य पूर्ण करायचे. लिफ्ट बिचारी टुं टुं करत राहायची.

पत्नी कुसुमताई सव्वीस वर्षांच्या संसारात एक कला शिकल्या होत्या. नवऱ्याचं "त्याचं असं आहे" कानावर पडलं की पहिली दोन वाक्यं ऐकायची, तिसऱ्याला "हो का!" म्हणायचं आणि फोडणीकडे वळायचं. पूर्ण ऐकत कुणीच नसे. आता ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

जुलैत, बाहेर पन्नास डिग्री असताना, एका रविवारी (तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी) औषधखोलीच्या छोट्या खिडकीतून आत आलेल्या कागदावर जगन्नाथरावांनी नाव वाचलं: झुलेखा मजीद, वय अठ्ठेचाळीस. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एक झुलेखाभाभी राहायच्या. हर्णैच्या. नवरा मजीदभाई शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात. जगन्नाथरावांनी स्वतःला समजावलं, एका नावाची दहा माणसं असतात. पण जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरच्या टोकाला पाठमोरे मजीदभाई दिसले, हातात बायकोची पर्स, भिंतीकडे तोंड. जगन्नाथराव पावलं न वाजवता मागे फिरले.

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी एक डोस, एकूण सहा. त्यातल्या एका छोट्या पिशवीत व्हिन्क्रिस्टीन, जे जगन्नाथराव स्वतःच्या हातांनी भरायचे.

झुलेखाभाभींनी बिल्डिंगमध्ये कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांची लेक युसरा रत्नागिरीला शिकत होती, शेवटचं वर्ष, ऑक्टोबरअखेर परीक्षा. तिला कळू द्यायचं नव्हतं. आणि रिग्गईच्या या बिल्डिंगमध्ये बोललेली बातमी हर्णैच्या बाजारात पोचायला एक व्हॉट्सॲप पुरे. केस गेले तर डोक्यावरचा स्कार्फ होताच, भुवया त्या पेन्सिलीने काढायच्या. थकवा आला तर "उन्हाचा त्रास" म्हणायच्या, आणि कुवेतच्या जुलैत यावर अविश्वास कोण दाखवणार?

म्हणजे सबंध बिल्डिंगमध्ये ही गोष्ट माहीत असलेला एकच बाहेरचा माणूस होता, आणि तो कोण, तर जगन्नाथराव! देवालाही कधीकधी चेष्टा करायची लहर येते.

पेशंटची गोष्ट घरी बायकोलासुद्धा बोलायची नाही, असं त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. पण कागदाचं सोडा, त्यांना मनापासून वाटत होतं की ही बाई जे झाकते आहे ते झाकलेलं राहिलं पाहिजे. फक्त गोष्ट पोटात ठेवायची सवय नव्हती. ती आत उड्या मारायची. बाहेर तर काहीतरी पडायलाच हवं होतं, म्हणून मग त्यांनी तिच्या शेजारची गोष्ट बाहेर काढली. सदाफुली.

कारण व्हिन्क्रिस्टीन येतं सदाफुलीतून. आपली दारातली, कुंडीतली, कुणी न विचारता उगवणारी सदाफुली! बिल्डिंगच्या दारातल्या सिमेंटच्या लांब वाफ्यात नझीरने ती लावली होती, एसीमधून गळणारं पाणी बादल्यांनी साठवून जगवली होती, आणि उन्हाळ्यात सगळं करपलं तरी ती गुलाबी नि पांढरी फुलत होती. जगन्नाथराव येणाऱ्याजाणाऱ्याला त्या वाफ्यापाशी उभं करू लागले.

"त्याचं असं आहे. पूर्वी बऱ्याच देशांत लोक मधुमेहावर या सदाफुलीची पानं घ्यायचे. आपल्याकडेही घेतात. मग शास्त्रज्ञांनी ती उंदरांना दिली. साखर काही उतरली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या! त्यावरून डोकं चाललं, की रक्ताच्या कॅन्सरमध्ये या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे वापरून बघू. पानात शंभराहून जास्त अल्कलॉइडं. अल्कलॉइड म्हणजे झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं कडू विषच समजा. त्यातली कामाची दोनतीन. एका ग्रॅमसाठी टेम्पोभर सुकी पानं लागतात, आणि आम्ही माणसाला देतो दोन मिलिग्रॅम. तेही शिरेतूनच. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस दगावतो, म्हणून आम्ही सिरिंजमध्ये भरतच नाही, पिशवीत भरतो. तेव्हा घरी पानं उकळून पिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा!"

भाषण उत्तम होतं. अडचण एकच, शेवटच्या वाक्यापर्यंत कुणी थांबत नसे. न्हावी पांढऱ्या पेशींपाशी कात्री घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या राजश्रीताई, लातूरच्या, भारतीय शाळेत गणित शिकवणाऱ्या, त्यांनी "मधुमेहावर सदाफुलीची पानं घ्यायचे" एवढं ऐकलं आणि त्यांना लिफ्ट मिळाली. आणि कुसुमताईंनी, सव्वीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे, दोन वाक्यं ऐकून "हो का!" म्हटलं.

असे पाच डोस झाले. सहावा आणि शेवटचा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होता. त्या सकाळी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तर डोस, नाहीतर पुढे ढकलायचा. आणि पुढे ढकलणं परवडणारं नव्हतं. युसराची परीक्षा संपली होती, ती पुढच्याच आठवड्यात कुवेतला येणार होती. आई औषधातून मोकळी होऊन तिला विमानतळावर दिसावी, मग शांतपणे जवळ बसवून सगळं सांगावं, असं झुलेखाभाभींनी ठरवलं होतं. हे जगन्नाथरावांना माहीत होतं, कारण नर्सने फातिमाला सांगितलं होतं, आणि फातिमा म्हणजे काचेपलीकडून प्रत्येक औषध पुन्हा तपासणारी कुवेती फार्मासिस्ट. जगन्नाथराव मनातल्या मनात दिवस मोजत होते. अजून एक रविवार तोंड सांभाळ बाबा, असं आरशात बघून स्वतःला बजावत होते.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ते घरी आले तर वाफा बोडका. फुलं होती, पानं गायब. नझीर रिकामी बादली घेऊन रडवेला उभा.

"साब, सब ले गया! आपका मॅडम, दूसरा माला का टीचर मॅडम, सब थैली लेके आया. हम बोला साब गुस्सा करेगा. मॅडम बोला, साब का ही दवाई है!"

जगन्नाथराव तडक वर निघाले. घरात शिरले तर मोठ्या पातेल्यात हिरवट काळं पाणी रटरटत होतं आणि कुसुमताई गाळणं धरून होत्या.

"अहो, आलात? आज बिल्डिंगभर काढा वाटला. सात फ्लास्क भरले! कुणाला साखर, कुणाचे गुडघे. तुम्हीच सांगता ना सारखे."

"मी सांगतो? मी सांगतो की पिऊ नका!"

"ते कधी सांगितलंत?"

"शेवटी!"

"शेवटी होय," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "आणि ती सातव्या मजल्यावरची झुलेखाभाभी हल्ली किती सुकली आहे हो. तिला मोठा फ्लास्क पाठवला. राजश्री गेली आहे घेऊन, म्हटलं समोर बसून पाज."

आता सांगा, काय करावं माणसाने? पाच डोसांनी तिच्या पांढऱ्या पेशी आधीच तोळामासा, त्यात वरून हे पातेल्यातलं कडू पाणी पेशींचं काय करील, औषधाशी कसं भांडेल, याचा हिशेब जगात कुणाकडे नव्हता. आणि "तिला विशेषतः देऊ नका" म्हणावं, तर "का?" हा प्रश्न कुसुमताईंच्या ओठांवर तयार. आयुष्यात पहिल्यांदा जगन्नाथराव एक शब्द न बोलता घरातून पळाले. कुसुमताईंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

लिफ्ट आठव्यावर अडकलेली. चौपन्न वर्षांचे जगन्नाथराव चार मजले जिन्याने चढले. सहाव्यावर चप्पल सुटली, ती तिथेच सोडली. सातव्यावर झुलेखाभाभींचं दार उघडं होतं. सोफ्यावर त्या कप धरून बसलेल्या, समोर राजश्रीताई, वर्गात उभ्या असाव्यात तशा.

"प्या की वहिनी, कडू लागायलंय पण गुण येतोय. माझ्यासमोर घ्या बघू."

कप ओठांपर्यंत पोचला होता. जगन्नाथरावांनी झडप घालून तो काढून घेतला. दोघी बायका थक्क. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि हा माणूस, ज्याला झुबेदी माशाच्या भावावर पाऊण तास बोलता येतं, त्याला एक वाक्य सुचेना. सुचेना म्हणून त्यांनी तो कप घटाघटा पिऊन टाकला.

"काय करायलाव ओ भाऊजी?" राजश्रीताई ओरडल्या.

"मला साखर आहे," जगन्नाथराव म्हणाले. त्यांना साखर नव्हती. "मला जास्त गरज आहे." आणि फ्लास्क उचलून दुसरा कप, तिसरा कप, मग थेट फ्लास्कच तोंडाला लावला. कडू म्हणजे किती कडू! कारलं त्यापुढे श्रीखंड. डोळ्यांतून पाणी आलं. पण एक फ्लास्क संपवून भागणार नव्हतं. बिल्डिंगमध्ये अजून सहा होते, त्यातला कुठला उद्या पुन्हा सातव्या मजल्यावर येईल याचा नेम नव्हता. तेव्हा त्यांनी फ्लास्क खाली ठेवला, कपाळाला हात लावला, "राजश्रीताई, मला गरगरतंय हो," असं म्हटलं आणि गालिचावर सपशेल आडवे झाले.

नाटक म्हणून आडवे झाले खरे. पण चार मजले जिना, रिकामं पोट आणि एक लिटर काढा. आडवं झाल्यावर छतावरचा पंखा बंद असून फिरू लागला. भिंतीवरचं घड्याळ मजेत तिरकं झालं. जगन्नाथरावांना हसू फुटलं. नाटक कुठे संपलं आणि चक्कर कुठे सुरू झाली हे त्यांनाच कळेना, आणि जितकं कळेना तितकं हसू येई.

राजश्रीताई मात्र हसल्या नाहीत. "अगं बाई, वेड लागलं त्यांना! काढा बाधला!" असं म्हणत त्या जिन्याकडे धावल्या आणि मजल्यामजल्यावर दारं बडवत खाली गेल्या. "फेका, फेका! भाऊजी हसायलेत!" पाच मिनिटांत बिल्डिंगमधल्या साऱ्या मोऱ्यांतून सदाफुलीचा काढा गटारात गेला. दोन तास आधी प्यायलेल्यांना तेवढ्यात मळमळूही लागलं.

वर खोलीत दोघंच उरले. जगन्नाथराव गालिचावर, झुलेखाभाभी सोफ्याच्या कडेला. जगन्नाथरावांनी हसू आवरलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाभी, तुम्ही किती घेतलात?"

"घोटभर पण नाय, भाऊ. ओठाला लागला तेवढाच."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," जगन्नाथराव म्हणाले, आणि पुन्हा पंख्याकडे बघत पडून राहिले. झुलेखाभाभी त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या. आत जाऊन लिंबू सरबत आणलं, मीठ जरा जास्त घालून.

शुक्रवार-शनिवार जगन्नाथराव घरी पोट धरून होते आणि कुसुमताई त्यांच्याशी कट्टी. "पाण्यासारखा काढा प्यायलात, वर लोकांच्या घरात लोळलात. कारण काय ते तरी सांगा!" जगन्नाथराव भिंतीकडे कूस वळवत होते.

रविवारी सकाळी सातपासून ते काचेच्या पेटीपुढे उभे. एकेक कागद येत होता, एकेक पिशवी भरली जात होती. आठ वाजले, नऊ वाजले. झुलेखा मजीद नाही. दर वेळी साडेनऊपर्यंत कागद यायचा. दहा वाजले. ओठाला लागला तेवढाच म्हणाली खरी, पण तिने मन राखायला तसं सांगितलं असेल तर? डॉक्टरांनी पेशी कमी म्हणून घरी पाठवलं असेल तर? ते माझ्या तोंडामुळे, या वटवट्या तोंडामुळे, असं जगन्नाथरावांना वाटत होतं आणि मास्कच्या आत ओठ घट्ट मिटले होते. आतून इतके खचलेले ते बावीस वर्षांत कधी त्या खोलीत उभे राहिले नव्हते. पण हात हलले नाहीत. हात हलून चालत नाही.

दहा चाळीसला छोटी खिडकी उघडली. फातिमाने कागद आत सरकवला आणि काचेपलीकडून नाव मोठ्याने वाचलं, पद्धतीप्रमाणे. झुलेखा मजीद. फाइल नंबर. व्हिन्क्रिस्टीन, दोन मिलिग्रॅम. सहावा. मग पद्धतीत नसलेला एक अरबी शब्द: "खलास!" म्हणजे संपलं, आणि ती डोळ्यांनी हसली.

आत नाचता येत नाही. हवा ढवळते. कमरेवरचं शरीर दगडासारखं स्थिर ठेवून जगन्नाथरावांनी बाटलीत सुई घातली, दोन मिलिग्रॅम मोजून घेतले, पिशवीत सोडले, लेबल चिकटवलं. आणि टेबलाखाली, कागदी बुटांच्या आत, त्यांच्या पायांची दहाही बोटं लेझीम खेळत होती.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, दारावरची बेल वाजली. कुसुमताई स्वयंपाकघरात होत्या. जगन्नाथरावांनी दार उघडलं. बाहेर झुलेखाभाभी, दमलेल्या, भिंतीला टेकून. मागे मजीदभाई, हातात जगन्नाथरावांची सहाव्या मजल्यावर राहिलेली चप्पल.

"भाऊ," झुलेखाभाभी हळू आवाजात म्हणाल्या, "आज सहावी पिशवी झाली."

जगन्नाथरावांनी चेहरा कोरा ठेवला. "कसली पिशवी, भाभी?"

त्या हसल्या. "आता पुरे करा वो. पिशवीच्या लेबलावर लिहिलेला असतो ना, कुणी तयार केली? पयल्या दिवशी दोन तास डोक्यावर लटकत होती, दुसरा काय वाचणार? जे. कोतवडेकर. कुवेतात कोतवडेकर किती असतील?"

बावीस वर्षं जगन्नाथराव प्रत्येक पिशवीवर स्वतःचं नाव चिकटवत होते आणि ते पेशंट वाचत असेल हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मी त्या रात्री मजीदला म्हटलं, संपला सगळा. उद्या अख्खी बिल्डिंग माझ्या दारात रडत असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टात तुमीच भेटलात. मी जीव मुठीत धरून उभी. आणि तुमी काय बोललात? झुबेदीचा भाव! तिसऱ्याला उतरून, पायाने दार धरून, झुबेदी!" त्यांचा आवाज जरासा फुटला. "मग मी वाट बघून तुमच्याच लिफ्टात चढायला लागले. दुसरीकडे सगळी मला विचारायची, सुकलीस का, बरी नाय का. तुमाला सगळा माहीत, आणि तुमीच एकटे माज्याशी असे बोलायचात की मला काय झालेलाच नाय. मला लय बरा वाटायचा, भाऊ."

मजीदभाईंनी चप्पल खाली ठेवली. वाकून, जोडी नीट जुळवायला. दुसरी आत कोपऱ्यात पडली होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांचे डोळे भरलेले होते. एका चपलेला ते बराच वेळ जोडी शोधत राहिले.

"पुढच्या सोमवारी युसरा येते," झुलेखाभाभी म्हणाल्या. "तिला आज फोनवरच सांगितला, ती येईपर्यंत रावला नाय. रडली, मग भांडली, मग हसली. तेव्हा आता तुमी मोकळे. सांगा सगळ्यांना. नझीरला सांगा, राजश्रीला सांगा. पण पयला कुसुमवहिनीला. ती तुमच्यावर रागावलीय."

लिफ्टचं दार बंद झालं. जगन्नाथराव ती एक चप्पल हातात घेऊन घरात आले. साडेतीन महिने आत उड्या मारणारी गोष्ट, आणि आता दार सताड उघडं! त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून एक बोट वर केलं.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, आणि पुढे शब्दच फुटेना. बोट तसंच वर राहिलं.

कुसुमताईंनी मान वळवली. पुढचं दुसरं वाक्य आलं नव्हतं, "हो का!" म्हणायची वेळच आली नव्हती. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

जगन्नाथराव अडखळत, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत तासभर बोलले. कुसुमताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.